दारावरची पाटी, अंगणातला नळ

नलू, ये, अशी जवळ बस. दारात उभं राहून "येते हं मावशी" म्हणायची तुझी सवय मला कधी आवडली नाही, आणि या वेळी तर तू तेवढंही म्हणाली नाहीस. आधी बोलणी खा, मग चहा. वाद अर्ध्यावर टाकून उठायचं नसतं, एवढं तुझ्या आईनं सटाण्याला शिकवलं नव्हतं का? "उत्तर देते नंतर" म्हणाली होतीस. ते नंतर कुठं ठेवून गेलीस?

माणसं येतात, माझ्याजवळ बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. शिक्षण किती, हुद्दा कोणता, आजार कधी कळला. मी मान हलवते. त्यातलं मला काही बोलायचं नाही. मला फक्त एक सांगायचं राहिलंय, की त्या दिवशी मी तुझ्या खोलीत आत का आले नाही. तू काचेपलीकडून हात हलवून बोलावत होतीस आणि मी दाराशीच थांबले. तुला वाटलं असेल, म्हातारी अजून पाटीवरून रुसलेली आहे. तसं नव्हतं गं. पण ते असं एकदम सांगता येत नाही. पाटी कुठली ते सांगायला हवं, पाटीच्या आधी माझं नाक, आणि नाकाच्या आधी अंगणातला नळ. तू म्हणायचीस, "मावशी, तुझी गोष्ट म्हणजे मुळासकट उपटलेली मेथी. मातीही झाडत नाहीस." असू दे माती. आता तुला कुठं घाई आहे?

तू पहिल्यांदा मखमलाबादच्या आमच्या घरी आलीस तेव्हा सगळ्या आळीत एकाच घरी फोन होता. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून वरची खोली मागायला आलीस. एवढीशी पोर, खांद्याला पिशवी, बोलताना मधूनच तुझ्या गावाकडच्या अहिराणीतलं 'शे' घसरायचं की जीभ चावायचीस. मी म्हटलं, राहा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बघतोय, संध्याकाळी कामावरून आलीस की घरात पाऊल नाही. आधी अंगणातल्या नळाशी. साबण लावून बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून, पार कोपरापर्यंत. आपल्याकडं मयतावरून आलेलं माणूस तसं बाहेरच हातपाय धुतं. आमचे हे ओट्यावर बसून बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "ही पोरगी रोज कुणाच्या मयताला जाऊन येते?"

तू मान वर न करता म्हणालीस, "काका, मयत होऊ नये म्हणून धुते."

ते इतके खूश झाले. दुसऱ्या दिवशी नारळाची करवंटी घासून, भोक पाडून, तारेनं नळाला बांधली त्यांनी, तुझा साबण ठेवायला. ते गेले, करवंटी अजून आहे.

मग पहाटेचं आपलं बोलणं सुरू झालं. मी बाजारात न्यायच्या माळा ओवत बसायची आणि तू चहा घेऊन समोर. तुला ओवता यायचं नाही धड. झेंडूच्या देठातून सुई घालायच्या ऐवजी पाकळ्यांतून घालायचीस. एक दिवस मी विचारलं, "तू तिथं दिवसभर करतेस तरी काय?"

"माणसांच्या नाकात काडी फिरवते."

मला वाटलं थट्टा करतेस. पण तू सांगायला लागलीस. दुसऱ्या दवाखान्यात बरेच दिवस काढून आलेला पेशंट असला, किंवा हाडाचं मोठं ऑपरेशन व्हायचं असलं, की त्याच्या नाकात, काखेत, जांघेत कापसाची काडी फिरवायची, ती ताटलीतल्या खरवसासारख्या थरावर घासायची आणि ताटली उबेला ठेवायची. काय उगवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायचं.

"आजारी असतो म्हणून?"

"नाही मावशी, तिथंच तर गंमत आहे. त्या जंतूनं तो आजारी नसतो. जंतू नुसता राहत असतो त्याच्या अंगावर. मालकाला पत्ताच नसतो."

"म्हणजे तुझ्यासारखा भाडेकरू."

"हो. पण मी भाडं देते."

तुला काय माहीत, त्या दिवशी बाजारात माझं लक्ष नव्हतं. गिऱ्हाईक भाव विचारतंय आणि मी त्याच्या नाकाकडं बघतेय, याच्याकडं कोण राहत असेल म्हणून. चौथीत शाळा सुटलेली मी. पुढचं वाचायला शिकले ते फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दी कागदांवरून, त्यामुळं मला प्रत्येक गोष्ट अर्धीच ठाऊक असायची. पुडीचा कागद तिथं फाटलेला. तू मला पहिल्यांदा पुढचं पान दिलंस.

औषधाला न जुमानणारे जंतू असतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला नवल वाटलं नाही, तुलाच नवल वाटलं की मला कसं कळलं. अगं, टमाट्यावर फवारे मारून मारून आमचे हे थकले नव्हते का? पहिल्या वर्षी किडे पटापट पडले, दुसऱ्या वर्षी थोडे, मग ते फवाऱ्यात आंघोळ करून पुन्हा पानावर. "वस्ताद झालेत," हे म्हणायचे. तू म्हणालीस, "अगदी तेच. अर्धं औषध घेऊन सोडलं की जे उरतात ते वस्ताद." मग मी विचारलं, तो वस्ताद आहे हे तुला कसं कळतं? तू चहाची बशी पालथी घातलीस, तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरल्यास आणि मधे कुंकवाच्या टिकल्या ठेवल्यास. टिकली म्हणजे औषध. ज्या औषधाला जंतू घाबरतो, त्या टिकलीभोवती गोल जागा मोकळी राहते. ज्याला घाबरत नाही, त्या टिकलीला खेटून उगवतो.

"नीलगिरीखाली काही उगवत नाही, तसं," मी म्हटलं.

"आणि त्या नीलगिरीच्या बुंध्याला टेकून एखादं गाजरगवत आलं, तर?"

"तर उपटून जाळावं लागतं."

"आम्हाला जाळता येत नाही, मावशी. ते माणसाच्या नाकात असतं."

हसलो होतो आपण. ते माझ्याच नाकात निघणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

तुझ्या तोंडून 'माहीत नाही' ऐकायला मला फार आवडायचं. मी विचारायची, तो जंतू माणूस झोपला की काय करतो? एकाच घरात नवऱ्याकडं असतो आणि बायकोकडं नसतो, असं का? एकदा गेला की परत येतो का? तू डोळे मोठे करून म्हणायचीस, "माहीत नाही मावशी. कधी येतो, कधी नाही. बघायला पाहिजे." शिकलेलं माणूस असं आनंदानं माहीत नाही म्हणताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तुझी आई सांगायची, ही तिथं ताटल्यांशी अहिराणीत बोलते म्हणून. "कसं काय शे भाऊ?" असं विचारते म्हणे जंतूला. मी तुला विचारलं, तर म्हणालीस, "घरची भाषा कळते त्यांना. इंग्रजीला दाद देत नाहीत."

मग हे गेले. तू आईला घेऊन कॉलेज रोडला राहायला गेलीस. आणि पुढच्या वर्षी मी शेतातल्या पाटाच्या कडेवरून घसरले. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. जवळच्या एका दवाखान्यात स्क्रू घातले, किती दिवस तिथं पडून होते, नुसती इंजेक्शनं चालू. हाड काही जुळलं नाही. शेवटी माझ्या मुलानं, विलासनं, मला तुमच्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जुनं काढून खुब्यात नवीन धातूचा गोळा बसवू, चालायला लागाल. मला दुसरं काही नको होतं. परक्या माणसाच्या हातून शेवंती खुडली जाताना खाटेवरून बघणं म्हणजे काय असतं, ते मला विचार. तू म्हणालीस, "आधी तुझ्या नाकात काडी घालायला लागेल, उद्या सकाळी. नियमच आहे."

आता मला सांग, तपासणी म्हटल्यावर माणूस काय करतं? पाहुणे यायचे असले की आपण अंगण सारवतो. मुलगी दाखवायची असली की तिचं तोंड धुतो. देवाला नेलेला नारळसुद्धा शेंडी नीट करून नेतो. आणि इथं तर तुझ्या लॅबमध्ये माझं नाक जाणार होतं. तुझी मावशी म्हणून तिथं सगळे बघणार. मी शोभाला म्हटलं, सूनबाई, जरा पाणी ऊन कर, त्यात ते जखमेचं वासाचं औषध टाक. कापडाची वात करून दोन्ही नाकपुड्या आतून स्वच्छ पुसल्या. तिकडं देवघराच्या कोनाड्यात भाजल्या-कापल्याच्या मलमाची ट्यूब होती, ती शोभानं आणली. तेही भरलं, रात्री आणि सकाळी. काखा, जांघा तशाच घासल्या. नवं पातळ नेसले. काडी फिरवणाऱ्या मुलीला मी म्हटलंसुद्धा, "बाई, आमच्याकडं तुला काही मिळायचं नाही."

दोन दिवसांनी तू आलीस. नळावर हात धुतलेस, आत आलीस, खाटेशेजारी उभी राहिलीस. चेहरा हा असा.

"मावशी, नाकात काय घातलं होतंस?"

"काही नाही."

"मावशी."

"तूप. थोडंसं."

"तुपानं एवढं होत नाही. तुझ्या सगळ्या ताटल्या कोऱ्या आल्यात. एक ठिपका नाही."

"मग चांगलंच की. पास झाले."

"कुणाच्याही नाकात काही ना काही उगवतंच. साधे, निरुपद्रवी जंतू असतातच. पाऊस पडून गेला आणि तुझ्या वाफ्यात एक तणसुद्धा आलं नाही, तर तू काय म्हणशील?"

"कुणीतरी तणनाशक मारलं म्हणेन."

"तेच विचारतेय. कुणी मारलं?"

मी चादरीची घडी नीट करायला लागले. स्वयंपाकघरातून शोभा म्हणाली, "आई, सांगून टाका आता. ताई, ट्यूब मीच दिली."

तू खाटेवर बसलीस आणि पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की माझी मोडकी मांडी हलायला लागली. मग एकदम हसणं थांबलं. म्हणालीस, "मावशी, तू स्वच्छ आहेस का ते मला बघायचं नव्हतं. तुझ्यापाशी काय आहे ते बघायचं होतं."

हे वाक्य मी किती वेळा मनात घोळवलंय, तुला कल्पना नाही. आपण आयुष्यभर दाखवायलाच जातो ना गं. बघू द्यायला कोण जातं?

मग समजावलंस. जंतू लपून राहिला आणि ऑपरेशनच्या वेळी त्या नव्या गोळ्यावर जाऊन बसला, तर तिथं औषध पोचत नाही. गोळा काढावा लागतो. मग पाय राहील, पण चालणं राहणार नाही. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून बसले होते. ऑपरेशन पुढं ढकललंस. काही लावायचं नाही, काही पुसायचं नाही, नाक जसं आहे तसं ठेवायचं. मग पुन्हा काडी.

आणि उगवला. मी हट्टच धरला, मला माझा जंतू बघायचाय. "बाहेर आणायचा नसतो," तू म्हणालीस. पण चाकाच्या खुर्चीत बसवून लॅबच्या काचेपर्यंत नेलंस, आणि आतून हातमोजे घालून ताटली उभी धरलीस. गुलाबी थर, आणि जिथं काडी फिरवली होती तिथं पिवळा पडलेला, हळदीचं बोट ओढावं तसा. आणि दुसऱ्या ताटलीत टिकल्या. दोन-तीन टिकल्यांभोवती छान मोकळी वर्तुळं, आणि एका टिकलीला मात्र खेटून, अगदी बिनधास्त. माझं गाजरगवत. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगू, मला कौतुक वाटलं. एवढंसं, डोळ्याला न दिसणारं, माझ्याबरोबर जेवलं-झोपलं, आणि मी त्याला आत्ता बघतेय. तू काचेतून माझ्याकडं बघत होतीस. तुला कळलं मला काय वाटतंय ते.

"आता याला घालवायचा कसा?" मी विचारलं.

"नाकात मलम लावायचं, रोज. आणि औषधाच्या पाण्यानं आंघोळ."

"मलम?"

"हो. तुझं होतं जवळजवळ तसलंच."

"मग मी काय वेगळं केलं होतं?"

"चोर घरात आहे का ते बघायच्या आधीच तू त्याला माळ्यावर लपवलंस. आता बघून पकडायचा."

इथपर्यंत आपलं छान चाललं होतं. मग ती पाटी आली.

मला दाखल करून घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत एकटीला ठेवलं. दारावर लाल अक्षरांत पाटी. विशेष खबरदारी, सिस्टरना विचारल्याशिवाय आत येऊ नये, असं काहीतरी. आत येणारी नर्स झगा घालून, मोजे घालून. शोभाची आई, आमच्या विहीणबाई, निफाडहून डिंकाचे लाडू घेऊन भेटायला आल्या. पाटी वाचली त्यांनी, ओठ हलवत. मग उंबऱ्यापाशीच वाकल्या, डबा जमिनीवर ठेवला आणि चपलेच्या टोकानं आत सरकवला. "बऱ्या व्हा ताई लवकर," म्हणाल्या आणि गेल्या. शोभा डबा उचलायलाही विसरली, नुसती उभी राहिली.

माझी आजी विहिरीवर काही माणसांना वरून, लांबून पाणी वाढायची. खाली ओंजळ धरून बसलेली ती माणसं मी लहानपणी पाहिलेली आहेत. मला त्या डब्याकडं बघून त्या ओंजळी आठवल्या. तू आलीस तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं नाही.

"पाटी काढ."

"नाही काढता येणार, मावशी."

"माझा विटाळ होतोय लोकांना. आजी विहिरीवर ज्यांना लांबून पाणी वाढायची, त्यांच्यासारखा."

"विटाळ माणसाचा मानतात. ही पाटी जंतूची आहे. जंतू गेला की पाटी जाईल. त्यांची कधी गेली का?"

"हे तुला माहीत. वाचणाऱ्याला कुठं कळतं?"

तू स्टूल ओढून बसलीस. म्हणालीस, पलीकडच्या खोलीत सिन्नरची एक बाळंतीण आहे, पोटाची जखम अजून ओली आहे. तुझी चादर बदललेले हात तिची चादर बदलतात. मी काय करू ते तू सांग.

मग मी म्हटलं, "सगळ्यांच्याच दारावर लाव. ज्यांच्या नाकात तू काडी घातली नाहीस त्यांच्याकडं काय आहे, हे तुला तरी कुठं ठाऊक आहे? सगळ्यांच्या दारावर एकच लिही, हात धुऊन या."

"सगळ्यांच्या दारावर लावलं की कुणी वाचत नाही. देवळाबाहेर चपला काढा असं लिहिलेलं असतं. वाचतेस तू?"

"वाचत नाही. काढते."

तू हातातला मोजा बोटाबोटानं नीट ओढलास. मग हळू आवाजात म्हणालीस, "ती सवय लागायला किती पिढ्या गेल्या, मावशी. तोवर या बाळंतिणीचं काय?" आणि उठताना, "उत्तर देते नंतर. विचार करू दे."

पाटी तशीच राहिली. बाळंतिणीसाठी मी गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे. तुझं म्हणणं खोटं नव्हतं आणि माझंही नव्हतं, हीच तर पंचाईत. पण एक मी तेव्हा बोलले नाही ते आज बोलते. तू रोज यायचीस. झगा घालून, मोजे घालून, आणि मोज्यांच्या हातांनी माझी वेणी घालायचीस. रबराच्या बोटांनी केस ओढले जायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी म्हणायची केस ओढल्यामुळं आलं.

मलम लावलं, आंघोळी झाल्या, काड्या पुन्हा फिरल्या. एक दिवस तू स्वतः येऊन पाटी काढलीस. ऑपरेशन झालं. मी चालले, नलू. काठी घेऊन का होईना, शेवंतीच्या वाफ्यापर्यंत चालले, आणि अजून चालतेय. विहीणबाई पुढं घरी आल्या तेव्हा त्यांना मी आधी नळावर हात धुवायला पाठवलं. शोभा आत जाऊन हसत होती.

दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू झेंडू ओवायला यायचीस. मी विचारायची, "उत्तर?" तू म्हणायचीस, "उगवतंय, मावशी. उबेला ठेवलंय."

आणि मग तुझंच रक्त बिघडलं. तुझ्याच हॉस्पिटलात तू दाखल झालीस. विलासनं मला आणलं, हातात वाफ्यातली पहिली पांढरी शेवंती होती. जिन्यापाशीच सिस्टर म्हणाली, "आजी, फुलं आत नेता येणार नाहीत. मॅडमची ताकद गेलीय, मातीतलं, पाण्यातलं काहीही सोसणार नाही." आयुष्यभर फुलं विकली मी. तुझ्यासाठी आणलेली खाली वॉचमनच्या टेबलावर ठेवली.

व्हरांड्यात आले तर बघते, सगळ्या दारांशी बेसिन. सगळ्या दारांवर लहानशी पाटी, दोनच शब्दांची. 'आधी हात.' आणि तुझ्या दारावर तीही, शिवाय लाल अक्षरांतली मोठी. हे तुझं उत्तर होतं का? की दुसऱ्याच कुणी लावल्या? मी विचारलं तिथल्या मुलीला, ती म्हणाली, मी आले तेव्हापासून आहेत.

मी बेसिनवर हात धुतले. बेचक्यांतून, मनगटावरून, कोपरापर्यंत. सिस्टरनं झगा पुढं केला, "या आजी, मॅडम बोलावताहेत." काचेतून तू दिसलीस. डोक्यावर केस नाहीत, डोळे तेवढेच मोठे. हात हलवून बोलावत होतीस. आणि माझा एक हात झग्याच्या बाहीत गेलेला असताना मला माझं नाक आठवलं.

मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण मला तर ठाऊक होतं ना, गेलेला परत येतो का, याला तू काय म्हणाली होतीस ते. कधी येतो, कधी नाही. किती वर्षं कुणी माझ्या नाकात काडी फिरवली नव्हती. परत येऊन राहिला असला तर? मालकाला पत्ता नसतो. सिस्टर म्हणाली मास्क देते, काही होत नाही. पण तुझी वेणी घालायला तुझ्या डोक्यावर केसही नव्हते, नलू. एवढ्याशा तुझ्यापाशी मी माझं गाजरगवत घेऊन कशी येऊ? मी बाही काढली.

काचेतून तुला दाखवलं, नाकावर बोट ठेवून, मान हलवून. तू हसलीस. काय समजलीस? समजलीस ना? तू हात उचलून दाराकडं दाखवलंस, पाटीच्या दिशेनं, आणि हवेत काहीतरी लिहिल्यासारखं केलंस. ते काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. मी बराच वेळ तिथं उभी राहिले. तू झोपलीस तरी राहिले. येणारी-जाणारी माणसं बघत होते. कुणी हात धूत होतं, कुणी विसरत होतं. पाटी मात्र कुणीच वाचत नव्हतं. तुझंही बरोबर निघालं, माझंही.

मग मी काठी टेकत खाली तुझ्या लॅबमध्ये गेले. तिथं कामावर असलेल्या मुलीला म्हटलं, "माझ्या नाकात काडी घाल. काही नसलं तर मला वर जायचंय." ती गोंधळली, मग तुझं नाव काढल्यावर तयार झाली. या वेळी मी काही धुतलं नव्हतं, पुसलं नव्हतं, नवं पातळही नव्हतं. जशी होते तशी दिली. ती म्हणाली, "आजी, दोन दिवस लागतील उगवायला."

तेवढंही थांबली नाहीस गं. जंतू उगवायला लागतो तेवढा वेळसुद्धा नाही.

तुझ्या घरून परत आले तेव्हा शोभानं दार उघडलं नाही, आधी नळाकडं बोट केलं. मयताघरून आलेली मी. करवंटीतला साबण घेतला आणि धुवायला लागले, आणि यांचं बोलणं आठवलं, ही पोरगी रोज कुणाच्या मयताला जाऊन येते. शोभा येऊन नळ बंद करेपर्यंत मी हात धूतच होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. "आजी, साधे जंतू आलेत, सगळ्यांच्या असतात तसे. तो नाहीये." साधं तण, नलू. मला आत येता आलं असतं. तुझा हात धरता आला असता. पण त्या दिवशी हे ना तुला ठाऊक होतं ना मला, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी मी बाहीतून हात काढीनच. एवढंच सांगायचं होतं. रुसले नव्हते. तुझ्या दारावरची पाटी वाचून थांबणारं एक माणूस निघालं, आणि ते मी निघाले. हे तुला कळायला हवं होतं.

आता ना तुला कशाची भीती, ना मला. दसरा आलाय, झेंडू भरपूर आहे यंदा, आणि पाकळ्यांतून सुई घालणारं कुणी नाही. हवेत काय लिहिलंस ते तुझ्या तोंडूनच ऐकायचंय मला. दारावर पाटी लावलेली नाही. नळ तिथंच आहे, करवंटीत साबण नवा ठेवलाय. हात धू, आणि आत ये. उशीर करू नको, लवकर ये.